नाटकातली मी कॅमेऱ्यासमोर ‘मोठी’ होतेय. अभिनयपद्धतींचा अभ्यास कुठून सुरू करू?

विंगेतून

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून अकरा वर्षं हौशी नाटकं करतेय. गेल्या वर्षी केलेल्या एका दोन अंकी नाटकाची आता चाळीस मिनिटांची फिल्म होतेय आणि सुदैवाने भूमिका माझ्याकडेच राहिली. त्यात एक प्रवेश आहे. बहीण घर सोडून निघालीय आणि जाताना थोरल्या भावाला घराची किल्ली परत देते. वाक्य एवढंच: “ही तुझी किल्ली, दादा.” नाटकात या जागेला प्रेक्षागृह गप्प व्हायचं. किल्ली टेबलावर खणकन ठेवायची, पॉज घ्यायचा, मग “दादा”. बसलेली जागा होती.

परवा कॅमेरा टेस्ट झाली. दिग्दर्शक म्हणाला, “मोठं होतंय, कमी कर.” केलं. “अजून कमी.” तेही केलं. पाचव्या टेकला म्हणाला, “आता काहीच होत नाहीये.” मॉनिटरवर पाहिलं तर पहिल्या टेकमध्ये भुवया कपाळात गेलेल्या, आणि पाचव्यात मी पत्ता बदलल्याचा अर्ज भरतेय असा चेहरा. या दोन्हींच्या मधे काहीतरी असणार, ते मला सापडत नाहीये.

तेव्हापासून वाचत सुटलेय. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की, अमेरिकेतली ‘मेथड’ पद्धत, तिथलाच अभिनयशिक्षक माइस्नर, जर्मन नाटककार ब्रेख्त, पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की, शिवाय भरताचं नाट्यशास्त्र. वाचून डोकं आणखी फिरलं. एक म्हणतो भावना जग, दुसरा म्हणतो तिच्या वाटेला जाऊ नकोस, तिसरा भूमिकेपासून चार पावलं लांब उभं राहायला सांगतो. रंगमंचासाठी एक आणि पडद्यासाठी एक अशी वेगळी पद्धत असते का? आणि शिकायचं कुठल्या क्रमाने? शूटिंगला दीड महिना आहे.

एक गोष्ट सांगून ठेवते, कारण त्यामुळे उत्तर बदलू शकेल. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात ‘भावस्मृती’चा (स्वतःच्या आयुष्यातली भावना आठवून ती भूमिकेला वापरण्याचा) सराव म्हणून मला वडील गेले तो दिवस आठवायला लावला होता. रडू आलं ते थांबेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कित्येक प्रयोगांत रडायची जागा आली की हॉस्पिटलचा जिना डोळ्यांसमोर यायचा आणि वाक्य उडायचं. आता कुणी “आतून कर” म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

नक्कलवही

आधी तुमच्या शेवटच्या परिच्छेदाचं बोलू. तुमच्याकडून जे करून घेतलं त्याला अभिनयाचं शिक्षण म्हणायला मी तयार नाही. ताजी जखम या कामाला कधीच वापरायची नसते, हे भावस्मृती मानणारी मंडळीही सांगतात. ‘मेथड’ शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गच्या वर्गात तर बरीच जुनी, निदान काही वर्षं मुरलेली आठवण घ्या, असा दंडक होता. आणि ती आठवण वापरायची तरी कशी? ‘त्या दिवशी किती दुःख झालं’ असं आठवायचंच नसतं. जिन्याचा कठडा हाताला कसा लागला, उजेड कुठून येत होता, कुठला वास होता, अशा बारक्या इंद्रियांच्या वाटेने जायचं असतं. तुम्हाला थेट दुःखात ढकललं आणि वर टाळ्या वाजवल्या. रडणाऱ्या माणसाला टाळ्या वाजवणाऱ्या शिबिरात पुन्हा जाऊ नका.

गंमत अशी की भावना आठवून आणायची की नाही या वादाचा निकाल ज्या स्तानिस्लाव्स्कीच्या नावावर हे सगळं चालतं त्याच्याच तोंडून एकदा आलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९३१ मध्ये ग्रुप थिएटर निघालं. तिथे स्ट्रासबर्ग भावस्मृतीवर भर द्यायचा. त्याच संस्थेतली स्टेला अॅडलर या पद्धतीला कंटाळली होती. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये तिची स्तानिस्लाव्स्कीशी गाठ पडली, पाच आठवडे तिने त्याच्याबरोबर काम केलं, आणि परत येऊन संस्थेत सांगितलं की म्हातारा आता भर देतोय तो नाटकाने दिलेल्या परिस्थितीवर, कल्पनाशक्तीवर आणि कृतीवर. केवढा वाद झाला असेल! पुढे तिघांच्या तीन वाटा झाल्या. स्ट्रासबर्गची ‘मेथड’, अॅडलरची कल्पनाशक्ती, आणि त्याच ग्रुपमधला सॅनफर्ड माइस्नर, ज्याने सगळं लक्ष समोरच्या नटावर नेलं. तुम्ही वाचताय ते परस्परविरोधी वाटतं याचं कारण हेच. ही एका घरातली भांडणं आहेत आणि तुम्ही तिन्ही भावंडांची पत्रं एकदम उघडून बसलात.

आता किल्ली. तुमच्या दिग्दर्शकाने ‘कमी कर’ म्हटलं तेव्हा त्याने तुम्हाला एक तक्रार दिली, काम दिलं नाही. नट बिचारा त्या शब्दाबरहुकूम आवाज कमी करतो, भुवया कमी करतो, आणि त्याच झपाट्यात इच्छाही कमी करतो. पाचव्या टेकला तुमची बहीण अर्ज भरताना दिसली कारण तिला त्या घटकेला भावाकडून काहीच नको होतं.

मी याला ‘पत्ता’ म्हणतो. (शब्द माझा आहे, कुठल्या ग्रंथात शोधू नका.) नाटकात प्रत्येक वाक्यावर दोन पत्ते लिहिलेले असतात: एक समोरच्या पात्राचा, दुसरा शेवटच्या रांगेचा. अकरा वर्षांत तुमच्या शरीराला दुसऱ्या पत्त्याची एवढी सवय झालीय की भुवया आपोआप तिकडे टपाल पाठवतात. कॅमेऱ्यासमोर दुसरा पत्ता खोडायचा. पहिला मात्र तेवढाच ठसठशीत हवा, किंबहुना जास्त. भावाने नजर वर करावी म्हणून तुम्ही किल्ली देताय, की त्याने नजर वर करू नये म्हणून? हे ठरलं की आवाज किती, भुवई किती, हे प्रश्न निम्मे गळून पडतात. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मी कारकून होतो. दोनच वाक्यं. पहिलं अशा पट्टीत फेकलं की ध्वनिमुद्रणवाल्याने कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला कुणी पत्ता सांगितला नव्हता.

तेव्हा रंगमंचाची एक पद्धत आणि पडद्याची दुसरी अशी वाटणी मी करत नाही. प्रत्येक पद्धत कुणाच्या तरी कुठल्या तरी अडचणीवर निघालेली आहे. आपली अडचण कुठली ते बघायचं आणि ते पान उघडायचं. दीड महिन्यात मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगतो, सगळं याच एका वाक्यावर.

पहिले दहा-बारा दिवस कृती. वहीत “ही तुझी किल्ली, दादा” लिहा आणि पुढे एकेक क्रियापद: टोचते, सोडवते, विनवते, अपमान करते, जामीन ठेवते, चाचपते. ‘दुःखी होते’ चालणार नाही, दुःखी होणं ही कुणावर करायची कृती नाही. दर क्रियापदाला तीनदा म्हणा, भावाचं काम करणारा नट समोर बसवून. मी असंच एक वाक्य घेऊन बसलो होतो तेव्हा सतरा क्रियापदं झाली. पहिली पाच-सहा कुणालाही सुचली असती. अकरावं होतं ‘झोपवते’. लहान मुलाला थोपटतात तसं ते वाक्य म्हटलं आणि समोरचा नट कावराबावरा झाला. तालमीत तेवढ्यासाठी दहा निरुपयोगी क्रियापदं सोसावी लागतात.

मग ब्रेख्त. दचकू नका. लोकांना वाटतं ब्रेख्त म्हणजे फलक, गाणी आणि कोरडेपणा. त्याने नटांना दिलेले तालमीचे तीन साधे उपाय आहेत: आपलं बोलणं तृतीय पुरुषात आणा, भूतकाळात आणा, आणि कंसातल्या रंगसूचनाही मोठ्याने म्हणा. म्हणजे तुम्ही म्हणणार: “तिने किल्ली टेबलावर ठेवली, हात लगेच उचलला नाही, आणि ती म्हणाली, ही तुझी किल्ली, दादा.” करून बघा. ‘हात लगेच उचलला नाही’ हे तुमच्या संहितेत नसेल, ते बोलता बोलता तोंडातून निघेल, आणि तोच तुमचा शॉट असेल. तुमच्यासारख्या, भावनेच्या खड्ड्यात एकदा पडलेल्या माणसाला हा सराव औषधासारखा लागू पडतो. बाईचं दुःख तिच्याजवळ राहतं, तुम्ही ते सांगताय.

रशियन दिग्दर्शक मायरहोल्डकडून एकच गोष्ट उचला, ‘ओत्काझ’. कुठल्याही हालचालीआधी तिच्या उलट दिशेची एक छोटी हालचाल. दगड भिरकावायचा तर हात आधी मागे जातो, तेच तत्त्व. किल्ली पुढे करायच्या आधी ती मुठीत घट्ट होऊन क्षणभर स्वतःकडे येते. रंगमंचावर हे सबंध हातातून दिसेल, क्लोज-अपमध्ये फक्त बोटांच्या पेरांत. हालचाल एकच, घेर बदलला.

माइस्नरचा पुनरुच्चाराचा सराव (समोरच्याबद्दल दिसेल ते म्हणायचं, त्याने तेच परत म्हणायचं, काहीतरी खरोखर बदलेपर्यंत) भावाबरोबर रोज दहा मिनिटं. पहिले तीन दिवस मूर्खपणा वाटेल.

ग्रोटोव्स्की तूर्त ठेवून द्या. त्याचं काम वर्षानुवर्षं शरीर घडवण्याचं आहे, दीड महिन्यात नुसते गुडघे दुखतील. हालचालींचा अभ्यासक लाबान याचे आठ ‘प्रयत्न’, म्हणजे हालचालींचे प्रकार (ढकलणं, पिळणं, तरंगणं वगैरे) संपूर्ण वेगळी भूमिका उभी करायची असेल तेव्हा कामाचे. तुमची बहीण उभी आहेच.

राहिलं नाट्यशास्त्र. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनोभावांचा) हे चार अभिनय आपण पाठ म्हणतो आणि पुढे जातो. तुम्ही पुढे जाऊ नका, दृष्टींपाशी, म्हणजे नजरेच्या प्रकारांपाशी, थांबा. भरताने छत्तीस दृष्टी दिल्यात: आठ रसांच्या, आठ स्थायी (टिकून राहणाऱ्या) भावांच्या आणि वीस संचारी (येऊन जाणाऱ्या) भावांच्या. शिवाय बुबुळं, पापण्या, भुवया यांचा हिशेब निराळा. चाळीस फूट लांबून कुणाला पापणी दिसणार, असा प्रश्न मला विद्यार्थी असताना पडायचा. कॅमेरा जवळ आल्यावर उत्तर मिळालं. क्लोज-अपमध्ये आंगिकातलं उरतं काय, तर हेच. त्या मुद्रा तशाच्या तशा करू नका, फार ‘नाट्यधर्मी’, म्हणजे रंगमंचाच्या संकेतांत बांधलेलं, होईल. पण भुवई आणि पापणी ही दोन स्वतंत्र अवयवं आहेत एवढं आरशासमोर पंधरा दिवस शिकलात तरी कपाळात गेलेल्या भुवया खाली येतील. भुवया तशाच ठेवून नुसती पापणी हलवायला मला तीन आठवडे लागले होते, आणि घरच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये म्हणून सांगितलं होतं.

रंगपट

नक्कलवही यांचं लिखाण वाचायला छान, पण हा एवढा पसारा कशाला? चाळीस वर्षं मी मेकअप करतोय नटांचा. मोठमोठे नट पाहिले, पद्धतीचं नाव घेणारा एक नाही पाहिला. मजकूर पाठ, वेळेवर हजर आणि समोरच्याचं ऐकायचं, झालं. फ्रेंच विचारवंत दिदेरोने अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय की थोर नट स्वतः थंड असतो. रडतो तो प्रेक्षक.

नक्कलवही

रंगपट, ‘समोरच्याचं ऐकायचं’ हे दोन शब्द तुम्ही जितक्या सहज लिहिलेत तितक्या सहज ते झाले असते तर माइस्नरला आयुष्यभर शिकवत बसावं लागलं नसतं. तुम्ही पाहिलेल्या नटांनी नाव घेतलं नाही, कारण ते शिकले विंगेत उभं राहून. दहा-दहा वर्षं. या बाईंकडे सहा आठवडे आहेत.

दिदेरोचा मात्र मान राखतो. विंगेतून, तुमच्या जिन्यावर उतारा म्हणून त्याचं म्हणणं लक्षात असू द्या: प्रयोगागणिक तेच उभं करायचं तर संवेदनशीलतेवर विसंबून भागत नाही.

एडिटटेबल

मी संकलन करते, अभिनयातलं फारसं कळत नाही. पण रोज शेकडो टेक बघते, म्हणून नटांनी कधीच न विचारलेल्या चार गोष्टी सांगते.

शॉट लागला की कॅमेऱ्यावरच्या माणसाला विचारा, फ्रेम कुठून कुठपर्यंत आहे. यात कमीपणा काही नाही. किल्ली फ्रेममध्येच नसेल तर ती कितीही सुंदर ठेवलीत तरी मला ती मिळणार नाही, फक्त तुमचा खांदा हललेला मिळेल.

क्लोज-अपमध्ये भावाच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघू नका. प्रत्यक्षात आपण तसंच बघतो, पण मोठ्या चित्रात बुबुळं इकडून तिकडे पळतात आणि ती घाबरल्यासारखी दिसते. त्याचा जो डोळा कॅमेऱ्याला जवळ आहे, तो एकच धरा. तुमचा चेहरा कॅमेऱ्याकडे जास्त उघडतो.

किल्ली कुठल्या शब्दावर ठेवली ते मास्टर शॉटमध्येच (सबंध प्रवेश सलग टिपणाऱ्या शॉटमध्ये) ठरवा आणि पुढे दर टेकला तिथेच ठेवा. ‘तुझी’वर ठेवली तर सगळीकडे ‘तुझी’वर. एका नटाने सहा टेकना सहा वेगवेगळ्या शब्दांवर पेला उचलला होता. त्याचा सर्वात चांगला टेक मी वापरू शकले नाही, अजून हळहळ वाटते. नाटकवाल्यांना हे खरं तर सोपं जायला हवं, तुमच्या हालचाली बसवलेल्याच असतात.

आणि त्या खणकन आवाजाबद्दल. तुमच्या वाक्यावर तो आवाज पडला तर मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. किल्ली आधी, वाक्य नंतर, किंवा उलट. आवाज मोठा हवा असेल तर तो नंतर माझ्याकडे भरता येतो. तुम्ही हळूच ठेवा.

अजून एक. रशियात कुलेशोव या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला होता, ती गोष्ट ऐकली असेल. त्यावरून काही दिग्दर्शक नटाला सांगतात की तू काहीच करू नकोस, संकलन करेल. माझ्या टेबलावरचा अनुभव सांगते: रिकामा चेहरा आणि विचार करणारा शांत चेहरा हे दोन मला लगेच वेगळे कळतात. दुसऱ्याला कापायची जागा मिळते, कारण विचार बदलला की डोळे बदलतात आणि मी तिथेच कात्री लावते. पहिल्याला कुठेही कापा, सारखंच.

विंगेतून

सर, एडिटटेबल ताई, रंगपट काका, सगळ्यांचे आभार. चार आठवड्यांनी लिहितेय.

क्रियापदं तेवीस झाली. ‘जामीन ठेवते’ कुठेच लागू पडलं नाही, माफ करा. एकोणिसावं ‘परत मागते’ निघालं, म्हणजे किल्ली देता देता मी ती परतच मागतेय. भावाचं काम करणारा हसला आणि म्हणाला, “मग मी घेणारच नाही.” त्याने खरंच हात मागे ठेवले. नाटकाच्या एवढ्या प्रयोगांत त्याने तसं कधी केलं नव्हतं.

तृतीय पुरुषाचा सराव पहिल्या दिवशी नाटकी वाटला. तिसऱ्या दिवशी “तिने किल्ली ठेवली आणि कडीतून बोट काढायला विसरली” असं तोंडातून गेलं. ते ठेवलंय. जिना एकदाच आला. मी मनात “तिला जिना आठवला” म्हटलं, आणि तो आला तसा गेला. वाक्य उडालं नाही.

दुसऱ्या टेस्टला फ्रेम विचारली. छातीपर्यंत होती, म्हणजे किल्ली बाहेर. दिग्दर्शकाला ते बोट दाखवलं तर त्याने हातासाठी वेगळा शॉट लावला. चेहऱ्याच्या टेकला “ठीक” म्हणाला, एवढंच. तो फार बोलत नाही.

नवीन अडचण. मधेच त्याच नाटकाचा एक प्रयोग लागला, काल झाला. शेवटच्या रांगेत माझी मैत्रीण होती. म्हणते, “दादा” ऐकूच आलं नाही, आणि तू बोट कशात अडकवून बसली होतीस?

नक्कलवही

सर म्हणू नका. दुसरा पत्ता खोडताना फार जोर लावलात, असं दिसतंय. पुढच्या तालमीला त्या मैत्रिणीलाच शेवटच्या रांगेत बसवा. बोट कडीत तसंच राहू द्या, पण हात टेबलावरून वीतभर वर उचला, किल्ली बोटाला लोंबू दे, आणि ती डोलायची थांबली की “दादा” म्हणा. मैत्रिणीने किल्ली दिसल्यावर हात वर करायचा, शब्द ऐकू आल्यावर खाली. तिला आधी काही समजावू नका.